चीनमधील शाकाहार : सूत्रे, सम्राट आणि मुदपाकखाने

बौद्ध धर्म पोहोचण्यापूर्वी चीनमध्ये मांस हे मानाचे अन्न होते. जुन्या इतिवृत्तांत ‘मांस खाणारे’ म्हणजे राज्यकर्ते आणि अधिकारी. शेतकऱ्याच्या वाट्याला भरड धान्य आणि पालेभाजी येई. इ. स. पू. चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ मेन्शियस याने चांगल्या राज्याची एक खूण अशी सांगितली की, तिथे सत्तरीच्या म्हाताऱ्यांना मांस मिळते. पितरांना आणि देवतांना बैल, मेंढी, डुक्कर यांचा बळी देणे हे राजाचे कर्तव्यच होते. मांसत्यागाचा नियम रुजायला ही जमीन अनुकूल दिसत नाही.

तरीही अन्नातले पदार्थ वर्ज्य करण्याच्या दोन रीती तिथे आधीपासून होत्या. मोठ्या विधीपूर्वी यजमान काही दिवस सोवळ्यात राही. मद्य आणि उग्र वासाचे पदार्थ वर्ज्य करी, स्नान करी, वेगळ्या खोलीत निजे. दुसरी रीत सुतकाची. आईवडील वारल्यावर मुलाने दीर्घकाळ मांस आणि मद्य यांना शिवू नये, असा कन्फ्यूशियस परंपरेचा दंडक होता, आणि समाज तो गंभीरपणे घेई. तिसऱ्या शतकातील कवी र्वान जी याने आईच्या सुतकात मांस खाल्ले, तेव्हा त्याला हद्दपार करण्याची मागणी दरबारात झाली. अन्न आवरणे म्हणजे मन आणि शरीर शुद्ध ठेवणे, दुःखाचा मान राखणे, हा अर्थ चिनी माणसाला ठाऊक होता. प्राण्याविषयीची करुणा मात्र या दोन्ही रीतींत नव्हती. तिची चाहूल मेन्शियसच्याच एका प्रसंगात लागते. नव्या घंटेला रक्ताचा अभिषेक करण्यासाठी नेला जाणारा बैल थरथरताना पाहून ची राज्याच्या राजाने तो सोडायला लावला आणि त्याच्या जागी मेंढी नेण्याची आज्ञा केली. मेन्शियसने राजाच्या कळवळ्याचे कौतुक केले आणि सज्जनाने मुदपाकखान्यापासून दूर राहावे असा सल्ला दिला. मेंढी मात्र वाचली नाही. जे डोळ्यांनी पाहिले त्याचीच दया आली, आणि ती दया ताटापर्यंत पोहोचली नाही.

भारतातून आलेल्या बौद्ध धर्मानेही सुरुवातीला मांसबंदी आणली नव्हती. भिक्षू भिक्षेवर जगत. पात्रात पडेल ते खाणे हा त्यांचा नियम. विनयग्रंथांनुसार भिक्षूने आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला नसेल, तसे ऐकले नसेल आणि तशी शंकाही त्याला नसेल, तर ते मांस ‘त्रिकोटिपरिशुद्ध’ मानले जाई. मासे-मांस पूर्णपणे वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी बुद्धांनी मान्य केली नाही, असेही विनय सांगतो. मराठी वाचकांना हा विषय नवा नाही. गोव्यात जन्मलेले बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाहारावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्या प्रकरणावरून मोठा वाद झाला.

पुढे महायान सूत्रांनी भूमिका बदलली, आणि चीनमध्ये हा बदल अगदी नेमक्या काळी पोहोचला. धर्मक्षेम या भारतीय भिक्षूने वायव्य चीनमधील लिआंगचौ येथे ४२१ च्या सुमारास महापरिनिर्वाण सूत्राचे मोठे भाषांतर पूर्ण केले. त्यात बुद्ध आपल्या शिष्यांना आजपासून मांस खाऊ नका असे सांगतात आणि जुनी सवलत ही तात्पुरती होती असा खुलासा करतात. समुद्रमार्गे चीनला गेलेल्या गुणभद्राने ४४३ मध्ये लंकावतार सूत्राचे भाषांतर केले. त्यात मांसभक्षणावर सविस्तर विवेचन आहे. त्यातील एका युक्तिवादाने चिनी मनाची पकड घेतली. अनादि काळापासून चाललेल्या जन्ममरणाच्या फेऱ्यांत प्रत्येक प्राणी कधी ना कधी आपला पिता किंवा माता होऊन गेलेला आहे. मातापित्यांची सेवा हाच ज्या संस्कृतीचा कणा, तिथे हा मुद्दा भारतापेक्षाही अधिक धारदार ठरला असला पाहिजे.

याच शतकात चीनमध्येच रचलेले ब्रह्मजाल सूत्र प्रसृत झाले. त्यात बोधिसत्त्वाची व्रते घेणाऱ्याला मांस वर्ज्य आहे आणि पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य आहेत. कांदा, लसूण आणि त्यांच्या पातीच्या जातभाईंबरोबर या यादीत पाचवा आहे हिंग. महाराष्ट्रात चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरात फोडणीची सारी भिस्त हिंगावर असते. चिनी मठात मात्र हिंगच निषिद्ध.

भारतातील शाकाहार प्रत्यक्ष पाहिलेले चिनी प्रवासीही होते. फाहियान ३९९ मध्ये छांगआनहून निघाला. मथुरेच्या दक्षिणेकडच्या मध्यदेशात लोक प्राणी मारत नाहीत, मद्य घेत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत, असे त्याने लिहून ठेवले; अपवाद फक्त चांडाळांचा, आणि त्या चांडाळांना गावाबाहेर राहावे लागते, बाजारात शिरताना लाकूड आपटून आपण आल्याची वर्दी द्यावी लागते, हेही त्याने नोंदवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा काळ ठरवताना फाहियान आणि ह्युएन त्संग या दोघांची साक्ष तपासली आहे. चिनी शाकाहार समजून घेताना ही साक्ष फार मोलाची आहे. भारतात ताटातील अन्न माणसाच्या जन्माशी जोडले गेले. चीनने भारतातून करुणेचा विचार घेतला, सूत्रे घेतली, उग्र वनस्पतींची यादीसुद्धा घेतली. पण अन्नावरून माणसाला गावाबाहेर बसवण्याची रीत त्या सामानात गेली नाही. तिथे शाकाहार नवसाचा, दिवसांचा आणि दीक्षेचा राहिला. चीनबाहेर तो इतक्या वेगवेगळ्या समाजांत सहज मिसळला याचे मोठे कारण तिथेच सापडते.

सातव्या शतकात ह्युएन त्संग भारताकडे येत असताना वाटेवरच्या कुचा राज्याच्या राजाने त्याच्यापुढे ‘तीन प्रकारे शुद्ध’ मांस वाढले. कुचाचे भिक्षू ते खात असत. ह्युएन त्संगने ते नाकारले. मगधात त्याने हंसस्तूपाची कथा ऐकली: शुद्ध मांस खाणाऱ्या एका विहारात एके दिवशी मांस मिळाले नाही, एक भिक्षू आकाशातून जाणाऱ्या हंसांच्या थव्याकडे पाहून गमतीने म्हणाला की, आज भिक्षूंना अन्न नाही, तोच एक हंस खाली पडून मेला. भिक्षू ओशाळले, त्यांनी मांस सोडले आणि हंसावर स्तूप उभारला. ह्युएन त्संगच्या पिढीपर्यंत चिनी भिक्षूच्या दृष्टीने मांस न खाणे हीच भिक्षूची ओळख झाली होती, आणि त्या ओळखीमागे एका सम्राटाचा आग्रह होता.

हा सम्राट म्हणजे लिआंग वंशाचा वू. त्याने ५०२ ते ५४९ अशी जवळजवळ अर्धे शतक जियानकांग, म्हणजे आजचे नानजिंग, येथून दक्षिण चीनवर राज्य केले. तो स्वतः विद्वान होता, बौद्ध उपासक होता, दिवसातून एकदाच साधे शाकाहारी जेवण घेई. ५१७ मध्ये त्याने राजघराण्याच्या पितृमंदिरातील बळी बंद केले आणि पशूंच्या जागी पिठाचे पदार्थ, भाज्या आणि फळे ठेवायला लावली. दरबारात खळबळ उडाली. पितरांना रक्ताचा नैवेद्य मिळाला नाही तर राजवंशाचे काय होईल, ही भीती खरी होती. त्यानंतर त्याने भिक्षु-भिक्षुणींची मोठी सभा भरवली आणि मद्य-मांस सोडण्यासंबंधीचा आपला लेख वाचून दाखवला. विनयाचे जाणकार भिक्षू अडून बसले. विनयात परवानगी आहे, मग सम्राट मनाई कशी करणार? सम्राटाने निर्वाण सूत्राचा आधार घेऊन त्यांना एकेक प्रश्न विचारला, आणि यापुढे मांस खाणाऱ्या भिक्षूला राज्याच्या कायद्याने शिक्षा होईल असेही बजावले. धर्मशास्त्राचा वाद राजदंडाने मिटवण्याचा हा प्रकार आहे आणि त्याचे समर्थन करणे कठीण आहे. पण पूर्व आशियातील भिक्षूच्या ताटातून मांस गेले ते या सभेनंतर, हेही खरे.

या सम्राटाचा शेवट करुण झाला. बंडखोर सेनापती हौ जिंगने जियानकांगला वेढा घातला. महिन्यामागून महिने गेले, राजवाड्यातील भाज्या संपल्या, आणि आयुष्यभर व्रत पाळलेल्या ऐंशी ओलांडलेल्या सम्राटाला अंडी खावी लागली. मुलाने बाहेरून काही शे अंडी पाठवली, असे इतिहासकार सांगतात. ५४९ मध्ये कैदेत, उपासमारीतच त्याचा मृत्यू झाला. ज्या तोंगताय विहारात तो राज्य सोडून वारंवार सेवक होऊन राहायला जाई आणि मंत्री प्रचंड दान देऊन त्याला सोडवून आणत, त्या परिसरात आज जीमिंग मंदिर उभे आहे. तिथे शाकाहारी नूडल्स मिळतात.

राजाज्ञेने सगळ्या प्रजेला शाकाहारी करण्याचा प्रयत्न तांग काळात झाला आणि फसला. तांग वंशाच्या पहिल्या सम्राटाने ६१९ मध्ये वर्षातील तीन महिने आणि दर महिन्यातील ठरावीक दिवस पशुहत्या बंद ठेवली होती. सम्राज्ञी वू झेतियान हिने ६९२ मध्ये त्याच्या पुढे जाऊन पशुहत्या आणि मासेमारी देशभर बंद केली. नदीकाठच्या प्रदेशात त्या वेळी दुष्काळ होता. मासे-कोळंबी धरता येईना म्हणून माणसे मेली, अशी नोंद आहे. त्याच वर्षीचा एक प्रसंग इतिहासग्रंथांत आला आहे. चांग द नावाच्या अधिकाऱ्याने मुलाच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी गुपचूप मेंढी कापून सहकाऱ्यांना जेवू घातले. दू सू नावाच्या पाहुण्याने एक मांसाची पोळी लपवून नेली आणि तक्रारीसह दरबारात सादर केली. दुसऱ्या दिवशी सम्राज्ञीने चांग दचे अभिनंदन केले आणि मांस कुठून मिळाले असे विचारले. तो गुडघ्यांवर आला. तिने सांगितले की, मंगल आणि अमंगल प्रसंगी आपली मनाई नाही; पण यापुढे पाहुणे निवडून बोलाव. मग तिने दू सूचे पत्र सगळ्यांसमोर दाखवले. सन ७०० मध्ये ती बंदी उठली.

आज्ञेने जे झाले नाही ते मठांच्या रोजच्या व्यवहाराने घडवले. चिनी समाजात धडधाकट माणसाने भीक मागणे कमीपणाचे मानले जाई, त्यामुळे दारोदार भिक्षा मागण्याची भारतीय पद्धत तिथे फारशी रुजली नाही. मठांना जमिनी मिळाल्या, शेती आली, कोठारे आली आणि मुदपाकखाने आले. आठव्या-नवव्या शतकातील छान (जपानी उच्चार झेन) पंथाचे गुरू बायझांग यांच्या नावाने भिक्षूंनी स्वतः शेतात राबण्याची परंपरा सांगितली जाते. भिक्षापात्रात कोण काय टाकेल हे भिक्षूच्या हाती नसते. स्वतःच्या मुदपाकखान्यात काय शिजेल हे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती असते. त्रिकोटिपरिशुद्धीचा जुना प्रश्न असा आपोआप निकाली निघाला. मुदपाकखान्याचा प्रमुख हा मठातील मोठा अधिकारी झाला आणि ते पद मुरलेल्या साधकालाच मिळू लागले.

इथे भारतीय आणि चिनी शाकाहारातील एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. भारतीय शाकाहार दुधावर उभा आहे. दही, ताक, लोणी, तूप काढून घेतले तर तो लंगडा पडतो. चीनच्या शेतीप्रधान भागात दुधाचा वापर नगण्य होता. ती उणीव सोयाबीन आणि गहू यांनी भरून काढली. तोफूचे श्रेय दंतकथा इ. स. पू. दुसऱ्या शतकातील राजपुत्र ल्यू आन याला देते; पण तोफूची निःसंदिग्ध नोंद मिळते ती दहाव्या शतकात. ताव गू या लेखकाने एका काटकसरी न्यायी अधिकाऱ्याविषयी लिहिले आहे की, तो मांसाऐवजी रोज तोफू विकत घेई आणि त्यामुळे लोक तोफूला ‘छोटी मेंढी’ म्हणू लागले. रात्रभर भिजवलेले सोयाबीन पाण्याबरोबर जात्यावर दळायचे, फडक्यातून गाळून दूध काढायचे, ते उकळून त्यात जिप्सम किंवा मिठागरातले कडवट पाणी घालायचे, फुटलेला साका कापडात बांधून वजनाखाली दाबायचा.

गव्हाची कृती याहून विलक्षण आहे. कणीक घट्ट मळून थोडा वेळ ठेवतात आणि मग पाण्यात चोळत राहतात. पाणी दुधासारखे पांढरे होते, तो चीक. पाणी बदलत जावे तसा गोळा आक्रसतो, पिवळसर, दोरीसारखा चिवट होतो आणि अखेरीस पाणी स्वच्छ निघू लागते. उरलेला तो गोळा म्हणजे गव्हातील प्रथिन. तो उकडला, तळला, मुरवला की चावताना मांसासारखा लागतो. अकराव्या शतकातील शास्त्रज्ञ शन क्वो याला ही कृती इतकी परिचित होती की, लोखंडातून पोलाद कसे निघते हे समजावताना त्याने कणीक धुण्याचाच दाखला दिला.

सोंग काळात (९६०-१२७९) हे अन्न मठाच्या भिंतीबाहेर पडले. कायफेंग आणि हांगचौ या राजधान्यांची वर्णने करणाऱ्या ग्रंथांत शाकाहारी खाद्यगृहे आहेत आणि तिथे मिळणारे नकली मासे, नकली बदक, नकली मांस यांच्या याद्या आहेत. लिन होंग याने तेराव्या शतकात लिहिलेल्या पाकग्रंथात दुधी आणि गव्हाचे प्रथिन वेगवेगळे तळून, मग एकत्र परतून ‘नकली मांस’ करण्याची कृती दिली आहे. मांस सोडले तर मांसाचा आभास कशाला, असा प्रश्न भारतीय शाकाहाऱ्याला नेहमी पडतो. त्याचे उत्तर चिनी पंगतीत आहे. लग्न, साठी, श्राद्ध, पाहुणचार या प्रत्येक प्रसंगी कोणते पदार्थ कोणत्या क्रमाने यावेत हे ठरलेले होते आणि अख्खा मासा किंवा बदक नसेल तर पंगतच अपुरी वाटे. व्रतस्थ माणसाला समाजात राहायचे होते. नकली माशाने त्याचे व्रतही राखले आणि पाहुण्यांचा मानही राखला.

बहुसंख्य गृहस्थांनी आयुष्यभर मांस सोडले नाही. त्यांनी दिवस धरले: चांद्र महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी, ग्वानयिन देवीचे सण, आईवडिलांच्या मृत्यूचा दिवस, नवसाची मुदत. श्रावण पाळणारे आणि एरवी मासे खाणारे कोकणी घर किंवा माळ घातल्यावर मटण सोडणारा वारकरी ज्याला ठाऊक आहे, त्याला ही व्यवस्था लगेच उमजेल. माळकरी व्हायला जात आड येत नाही. चिनी व्रतालाही कूळ विचारले जात नव्हते. ग्वानयिन म्हणजे मूळचा अवलोकितेश्वर, ज्याच्या मूर्ती कान्हेरी आणि औरंगाबादच्या लेण्यांत आहेत. चीनमध्ये त्याची देवी झाली, आणि सन ११०० च्या एका शिलालेखातून हनान प्रांतातील शिआंगशान येथे तिची कथा पुढे आली: मियाओशान ही राजकन्या लग्न नाकारते, व्रतस्थ राहते आणि तिला छळणाऱ्या पित्याच्या आजारात स्वतःचे डोळे आणि हात काढून देते. लग्न नको असलेल्या, वैधव्य आलेल्या, घरात स्वतःचा एक कोपरा हवा असलेल्या स्त्रियांना या कथेने आधार दिला. चीनमधील शाकाहाराचा फार मोठा भार स्त्रियांनी वाहिला आहे, आणि त्याची नोंद इतिहासात जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही.

भारताखेरीज आणखी एका देशातून शाकाहाराचा प्रवाह चीनमध्ये आला. इराणमध्ये उगम पावलेला मानीचा धर्म ६९४ मध्ये तांग दरबारात पोहोचला. त्याचे दीक्षित साधू मांस आणि मद्य घेत नसत. चीनच्या उत्तरेला राज्य करणाऱ्या उइगुरांच्या खाकानने ७६३ च्या सुमारास हा धर्म स्वीकारला. रक्ताने माखलेला देश आता भाजी खाणारा झाला, अशा आशयाची नोंद त्यांच्या शिलालेखात आहे. पुढे या धर्मावर बंदी आली आणि तो आग्नेय किनाऱ्यावरच्या खेड्यांत लपला. सोंग सरकारने ‘भाजी खाऊन सैतानाची सेवा करणारे’ अशा नावाखाली अनेक पंथांना वेठीस धरले. ११२० मधील फांग लाच्या बंडाशीही त्यांचे नाव जोडले गेले. मिंग काळात शांतोंगमधील ल्वो चिंग या सैनिकाच्या शिकवणीतून गृहस्थ शाकाहाऱ्यांचे पंथ निघाले. डोके न भादरता, घर न सोडता हे लोक आजन्म शाकाहारी राहत. अधिकाऱ्यांचा संशय त्यांच्या मागे सतत असे, आणि तो पूर्णपणे निराधारही नव्हता: १८९५ मध्ये फूजिआनमधील गुतियान येथे अशाच एका शाकाहारी पंथाच्या लोकांनी अकरा परदेशी माणसांना ठार मारले, त्यांत मिशनरी, त्यांच्या घरच्या स्त्रिया आणि मुले होती.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हांगचौजवळच्या युन्ची मठातील जूहोंग (१५३५-१६१५) यांनी या साऱ्याला नवे वळण दिले. वाढदिवस, पुत्रजन्म, पितृपूजा, विवाह, मेजवानी, नवस आणि पोटापाण्याचा धंदा, या सात निमित्तांनी हत्या करू नये असे त्यांनी सोप्या भाषेत लिहिले. बाजारातून जिवंत मासे, पक्षी विकत घेऊन सोडण्यासाठी मंडळे निघाली, मुक्तीचे तलाव बांधले गेले. याच वेळी इटालियन जेझुइट मात्तेओ रिची चीनमध्ये होता. १६०३ च्या आपल्या चिनी ग्रंथात त्याने पुनर्जन्म आणि हत्याबंदी या दोन्हींवर हल्ला चढवला. पुनर्जन्माची कल्पना ग्रीक पायथागोरसची, ती तिथून भारतात गेली आणि बौद्धांनी ती चीनमध्ये आणली, असा त्याचा दावा. प्रत्येक प्राणी पूर्वजन्मीचा आप्त असेल तर माणसाने लग्न तरी कोणाशी करायचे, असाही त्याने प्रश्न केला. जूहोंग यांनी वृद्धापकाळी त्याला लेखी उत्तर दिले: लग्न केल्याने कोणाचा जीव जात नाही, हत्येने जातो, दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. ग्रीस, भारत आणि चीन यांच्या मांसत्यागाच्या परंपरा एका वादात समोरासमोर आल्या, हे जगाच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच घडले.

जपानकडे ही परंपरा मुदपाकखान्यातून गेली. १२२३ मध्ये दोगेन हा तरुण जपानी भिक्षू निंगबो बंदरात जहाजावर थांबला असताना अशोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयुवांग पर्वतावरील मठाचा वृद्ध स्वयंपाकी वाळलेल्या जपानी अळंब्या विकत घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी सण होता आणि भिक्षूंना नूडल्सचे रस्सेदार जेवण द्यायचे होते. दोगेनने त्याला थांबण्याचा आग्रह केला. मुदपाकखान्याचे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही, असे सांगून तो आल्या वाटेने परत गेला. या भेटीने दोगेनची साधनेविषयीची कल्पनाच बदलली. १२३७ मध्ये त्याने मठाच्या स्वयंपाक्यासाठी लिहिलेल्या सूचना आजही जपानी झेन मठांत प्रमाण आहेत. पुढे १६५४ मध्ये यिनयुआन, जपानी उच्चार इंगेन, हे चिनी गुरू नागासाकीला उतरले आणि उजी येथील त्यांच्या मानपुकुजी मठातून, एकाच मेजाभोवती बसून मोठ्या ताटांतून वाढून घेण्याची चिनी शाकाहारी पद्धत जपानला मिळाली.

पश्चिमेला आधी पोहोचला तोफू. डोमिनिकन मिशनरी नावारेते याने सतराव्या शतकात त्याचे वर्णन लिहिले. ते वाचून बेंजामिन फ्रँकलिन याने १७७० मध्ये लंडनहून फिलाडेल्फियातील वनस्पतितज्ज्ञ जॉन बार्ट्रम याला सोयाबीनचे बी पाठवले आणि दाण्यांपासून चीज करतात हे कळवले. फ्रँकलिनने तरुणपणी काही काळ मांस सोडले होते. खरी देवाणघेवाण मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी झाली आणि ती उलट्या दिशेने सुरू झाली, म्हणजे पश्चिमेतील शाकाहाराने चिनी माणसाला त्याच्या घरच्या अन्नाकडे नव्याने पाहायला लावले. वू तिंगफांग (१८४२-१९२२) हे लंडनमध्ये बॅरिस्टर झालेले मुत्सद्दी अमेरिकेत चीनचे राजदूत होते. वॉशिंग्टनमधील मेरी हेंडर्सन या लेखिकेच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले आणि १९१० मध्ये त्यांनी शांघायमध्ये आहारसुधारणेसाठी संस्था काढली. त्यांच्या बोलण्यात पुनर्जन्म कमी आणि पचन, रक्तशुद्धी, दीर्घायुष्य अधिक. ली शीझंग (१८८१-१९७३) फ्रान्समध्ये शेती आणि जीवरसायन शिकले, तिथल्या अराज्यवाद्यांच्या सहवासात शाकाहारी झाले आणि १९०९ च्या सुमारास पॅरिसजवळ कोलोंब येथे त्यांनी सोयाबीनचा कारखाना चालू केला. हबेईतील गाओयांगहून आणलेले मजूर तिथे तोफू, सोयादूध, सोयाचे पीठ तयार करत आणि संध्याकाळी शाळेत बसत. याच प्रयोगातून काम करत शिकण्याची चळवळ वाढली. तिच्या मार्गाने १९२० मध्ये फ्रान्सला गेलेल्या विद्यार्थ्यांत झौ एनलाय आणि डेंग शियाओपिंग होते. सन यत्-सेन यांनी हा कारखाना पाहिला आणि पुढे आपल्या लेखनात तोफूला मांसाच्या दोषांपासून मुक्त असलेले मांस मानून गौरवले.

शांघायमध्ये १९२२ मध्ये गोंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह निघाले आणि मठातील पाककला शहरी मध्यमवर्गाच्या हाताशी आली. कवयित्री ल्यू बिचंग (१८८३-१९४३) यांनी १९२९ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्राणिरक्षण परिषदेत भाषण केले. चिनी पोशाखातील एक स्त्री युरोपला मांसत्याग सांगत होती. त्याच वर्षी चित्रकार फंग झिकाय (१८९८-१९७५) यांचा ‘जीवरक्षण चित्रसंग्रह’ निघाला. त्यांचे गुरू होंगयी यांच्या पन्नाशीसाठी पन्नास चित्रे, साठीला साठ, असे वाढवत शंभरीला शंभर चित्रे काढण्याचे वचन त्यांनी दिले. गुरू १९४२ मध्ये गेले. युद्ध आले, सांस्कृतिक क्रांती आली, अशी चित्रे काढणे हाच गुन्हा ठरला. फंग यांनी पहाटे उठून, कोणाला कळू न देता शेवटची शंभर चित्रे १९७३ मध्ये पुरी केली. साडेचारशे चित्रांचा तो संच त्यांच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये, सिंगापूरच्या एका भिक्षूच्या पुढाकाराने पूर्ण प्रकाशित झाला. विसाव्या शतकातील अहिंसक निष्ठेची याहून मोठी उदाहरणे थोडीच असतील.

आग्नेय आशियात हा आहार स्थलांतरित मजूर आणि व्यापारी यांच्याबरोबर गेला. क्वांगतोंगमधील शुनद येथील रेशीम कामगार स्त्रियांपैकी अनेकींनी लग्न न करण्याची शपथ घेतली होती. त्या सिंगापूर आणि मलायात घरकामाला गेल्या आणि म्हातारपणासाठी पैसे साठवून त्यांनी शाकाहारी स्त्रियांचे आश्रम चालवले. नवव्या चांद्र महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत नऊ सम्राट-देवतांचे व्रत पिनांग, आंपांग, फुकेत येथे पाळले जाते. फुकेतमध्ये त्याची सुरुवात १८२५ मध्ये आलेल्या चिनी नाटकमंडळीपासून सांगतात. त्या दिवसांत थायलंडभर गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात आणि चिनी वंशाशी काही नाते नसलेले थाय लोकही मांस सोडतात.

तैवानमध्ये यीग्वानदाव या पंथावर १९८७ पर्यंत बंदी होती. त्याच्या अनुयायांनी चालवलेली उपाहारगृहे आणि त्सू ची, फोग्वांगशान यांसारख्या बौद्ध संस्था यांमुळे तिथे शाकाहारी जेवण गल्लोगल्ली मिळते. वेष्टनातील शाकाहारी पदार्थांवर तिथल्या कायद्याप्रमाणे पाचपैकी एक वर्ग छापावा लागतो: निव्वळ शाकाहारी, अंडे असलेला, दूध असलेला, दोन्ही असलेला, आणि पाच उग्र वनस्पती असलेला.

मुख्य भूमीवर १९४९ नंतर तीन दशके मठांच्या जमिनी गेल्या, भिक्षू विखुरले, शाकाहार अंधश्रद्धेत जमा झाला. १९८३ मध्ये, मांसाची चंगळ सुरू होण्याआधी, चीन, अमेरिका आणि इंग्लंडमधील संशोधकांनी ६५ परगण्यांतील आहाराची पाहणी केली. ते ग्रामीण लोक शाकाहारी नव्हते. मांस परवडत नसल्याने ते मुख्यतः धान्य आणि भाज्यांवर जगत होते. कॉलिन कॅम्पबेल यांनी त्या पाहणीवर आधारलेले पुस्तक २००५ मध्ये लिहिले आणि पाश्चात्त्य शाकाहाऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. त्यातील निष्कर्षांवर आक्षेपही घेतले गेले आहेत. तोवर चीनचे ताट पालटले होते. जगातील डुकराच्या मांसापैकी जवळपास निम्मे आता एकट्या चीनमध्ये तयार होते. २०१६ च्या राष्ट्रीय आहारसूचनांत रोजच्या मांसाची मर्यादा ४० ते ७५ ग्रॅम सांगितली होती. मठांचे मुदपाकखाने मात्र पुन्हा पेटले आहेत: श्यामनच्या नानपुथो मंदिरातील शाकाहारी भोजनगृह, शांघायच्या जेड बुद्ध मंदिरातील अळंब्यांच्या नूडल्स, हांगचौच्या लिंगयिन मठात बाराव्या महिन्याच्या आठव्या तिथीला वाटली जाणारी खीर. पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे रांगा लागतात, आणि रांगेतील बहुतेक लोक उरलेले दिवस मांस खातात.